अंकुशनगरची हवा

दिवाळी अंकातला प्रवासलेख म्हटला की वाचकाला बर्फ, समुद्र, गेला बाजार एखादा घाट तरी लागतो. माझ्यापाशी यांतले काही नाही. मी गेलो होतो अंकुशनगरला, आणि गेलो होतो तिथली हवा पाहायला. हवा ‘खायला’ मंडळी माथेरान-महाबळेश्वरला जातात. हवा ‘पाहायला’, आणि तीही जालना जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत जाणारा इसम विरळाच, हे मी आधीच कबूल करून टाकतो.

छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे जुन्या औरंगाबादेहून, बीडच्या रस्त्याला लागले की आडूळ, पाचोड, वडीगोद्री अशी गावे एकामागून एक मागे पडतात. पुढे शहागडला गोदावरीचा पूल येतो. त्या पुलाच्या अलीकडे, महाकाळा या गावापाशी, अंकुशनगर आहे. तालुका अंबड. समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती ही वस्ती वाढली आणि कै. अंकुशराव टोपे यांचे नाव तिला मिळाले. हे टोपे १९९१ साली जालन्यातून लोकसभेवर निवडून गेले होते. गाव पाहायला जावे असे इथे म्हणाल तर काही नाही. धुराडे, क्वार्टर्स, शाळा, दुकानांची एक ओळ, आणि त्यांच्या पलीकडे नजर पोचेल तिथवर ऊस.

हा ऊस इथला मूळचा रहिवासी नव्हे. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली. १९७६ साली धरण पुरे झाले. त्याचा डावा कालवा दोनशेआठ किलोमीटर लांबीचा, तो या बाजूने परभणीकडे जातो. ज्या मुलखात बाजरी आणि दुष्काळ ही दोनच खात्रीची पिके होती, तिथे बारमाही ओल आली. ओल आली म्हणजे ऊस आला, मोसंबी आली. आणि आमंत्रण नसताना जे येते तेही आले. त्याच्यामागे तर मी गेलो होतो.

माझी पुतणी तिथे राहते. जावईबापू कारखान्यात नोकरीला आहेत. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नातू, तेव्हा अकरा वर्षांचा होता. पोळा झाला की याला शिंका सुरू होत. सकाळी उठल्यावर वीस-पंचवीस, मग डोळे लाल, मग रात्री छातीत शिट्ट्या. दसऱ्यापर्यंत मुलगा उशीला टेकून बसल्या बसल्या झोपायला शिकलेला असे. शाळा बुडे ती निराळीच. घरात एकमताने निकाल लागला होता की हे सारे धुराड्याचे काम. जावईबापूंनी पुण्याकडे एका खाजगी कंपनीत अर्जही करून ठेवला होता. पगार कमी, भाडे दुप्पट, वर म्हाताऱ्या आईबापांची इथली दोन एकर मोसंबी वाऱ्यावर. पण पोराच्या श्वासापुढे मोसंबीचे काय मोल? २०२४ च्या पितृपंधरवड्यात पुतणीचा फोन आला, “काका, तुम्ही वनस्पतीशास्त्राचे मास्तर होता ना? एकदा येऊन बघा. मग काय ते ठरवू.”

पहिल्याच संध्याकाळी अंगणात खाटेवर बसून मी जावईबापूंना विचारले, “धुराडे कधी पेटते?”

“बॉयलर दसऱ्याच्या सुमाराला. ऊस दिवाळीच्या मागंपुढं.”

“बंद कधी होते?”

“मार्च. ऊस जास्त असला तर एप्रिल.”

“आणि हा शिंकतो कधी?”

जावईबापू बोलले नाहीत. समोर धुराडे उभे होते, थंडगार; त्याच्या तोंडाशी कबुतरे बसली होती. पुतणी मात्र हटायला तयार नव्हती. “हिवाळ्यात दोरीवरच्या कपड्यांवर काळे कण पडतात, ते काय आभाळातून येतात?” तिचे म्हणणे खोटे नव्हते. राख पडते, आणि दम्याच्या मुलाला कोणताही धूर वाईटच. पण जो गावातच नव्हता त्याच्यावर चोरीचा आळ घालून भागत नाही. भाद्रपदात गावात कोण हजर असते, हे पाहायला हवे होते.

हवेतले अदृश्य धरून मोजायची ही हौस जुनी आहे. जॉन बॉस्टॉक नावाच्या लंडनच्या एका डॉक्टराने १८१९ साली स्वतःच्याच उन्हाळी शिंकांचे वर्णन वैद्यांच्या सभेपुढे वाचले. त्याचे कारण मात्र पुढे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीने पकडले. हा गृहस्थही शिंकणाराच. (या विषयातले निम्मे संशोधन शिंकणाऱ्यांनीच केलेले दिसते, आणि त्यात नवल नाही.) त्याने चिकट लेप दिलेल्या काचा उघड्यावर ठेवल्या, त्यांवर बसलेले गवताचे परागकण रोज मोजले, आणि त्या आकड्यांशी आपल्या नाकाची तक्रार ताडून पाहिली. तेवढ्याने समाधान होईना म्हणून काचा पतंगाला बांधून उंच सोडल्या. तिथेही पराग मिळाले! १८७३ साली त्याचे पुस्तक निघाले. मौजेची गोष्ट अशी की त्याच वर्षी आपल्याकडे कलकत्त्याला डी. डी. कनिंगहॅम यांनीही हवेतल्या कणांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तुरुंगांच्या आसपासची हवा काचेवर धरून ते पटकीचे कारण शोधत होते. पटकी हवेत सापडली नाही, कारण ती पाण्यात होती. पण बुरशीचे बीजाणू आणि पराग यांची चित्रे मात्र त्यांनी मोठ्या निगुतीने काढून ठेवली.

मला अगत्याने सांगायचे आहे ते याहून जवळचे. अंकुशनगरहून एस. टी. ने दोन तासांत जिथे पोचता येते त्या मराठवाडा विद्यापीठात प्रा. एस. टी. टिळक हे वनस्पतीशास्त्राचे अध्यापक होते. (नावातले एस. टी. आणि रस्त्यावरची एस. टी. यांचा योग माझा नाही, दैवाचा.) विद्यापीठ १९५८ साली निघाले, १९९४ पासून त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. विलायतेत हर्स्ट यांनी १९५२ साली हवा शोषून तिच्यातले कण धरणारे यंत्र केले होते. आपल्याला परवडेल असे इथेच तयार करावे म्हणून टिळक आणि त्यांचे सहकारी कुलकर्णी यांनी एक यंत्र बनवले आणि १९७० साली ‘एक्सपिरिएन्शिया’ या युरोपीय नियतकालिकात त्याची माहिती दिली. ‘टिळक एअर सॅम्पलर’ या नावाने ते आजही ओळखले जाते.

त्याची रचना कोणाही घड्याळजीला पटेल अशी आहे. एका पेटीत विजेवर हळूहळू फिरणारे पिंप. पिंपावर साधी पारदर्शक चिकटपट्टी, तिच्यावर पातळ चिकट लेप. पेटीला एक नळी. तिच्या तोंडातून मिनिटाला पाच लिटर हवा आत ओढली जाते आणि पट्टीवर आदळते. हवा निघून जाते, कण चिकटून राहतात. पिंप फिरत राहते म्हणून पट्टीचा कोणता भाग कोणत्या वेळचा हे बिनचूक सांगता येते, आणि एकदा लावले की आठ दिवस बघावे लागत नाही. मिनिटाला पाच लिटर म्हणजे किती? स्वस्थ बसलेला माणूस सहा ते आठ लिटर घेतो. म्हणजे हे यंत्र जवळजवळ माणसासारखाच श्वास घेत बसते. फरक एवढाच की याने काय घेतले ते नंतर मोजता येते. दिवसाकाठी सव्वासात हजार लिटरांच्या आसपास, म्हणजे सुमारे सात घनमीटर हवा. पट्टीवरचे कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे, घनमीटरने भागायचे, की आला त्या दिवसाचा आकडा. टिळकांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी शेतांवरची हवा अशी वर्षानुवर्षे तपासली, पिकांवरचे रोग यायच्या आधी त्यांचे बीजाणू पकडता यावेत म्हणून. आणि अजिंठ्याच्या चित्रांना कोणती बुरशी खाते तेही पाहिले.

माझ्यापाशी ते यंत्र नव्हते. मग त्याहून जुनी, १९४६ सालची डरॅमची रीत वापरली. दोन गोल तबकड्या एकीवर एक, मध्ये वीतभराहून कमी अंतर. खालच्या तबकडीवर व्हॅसलीन लावलेली काच आडवी. वरची तबकडी पाऊस अडवते, वारा मधून जातो, काचेवर जे पडेल ते पडते. पुतणीच्या दोन स्टीलच्या ताटल्या आणि लाकडी खुंट्या यांवर काम भागले. ते उपकरण गच्चीवर ठेवले तेव्हा शेजारच्या बाईंनी पुतणीला हळूच विचारले म्हणे, “पितरांचं काही हाय का?”

चोवीस तासांनी काच काढायची, ग्लिसरीन जेलीत सॅफ्रानिनचा लाल रंग घालून तिचा थेंब टाकायचा, वर पातळ काच. सूक्ष्मदर्शक शाळेतला. विज्ञानाचे सर हौशी निघाले; सुटीनंतर प्रयोगशाळा उघडून बसले, आणि पाहता पाहता नातवाचे पाच-सहा मित्रही रांगेत उभे राहिले.

चारशे पटीत दिसणारे ते जग ज्याने पाहिले नाही त्याला त्याची कल्पना देणे अवघड आहे. गवताचा पराग गोल, नितळ, आणि त्याला एकच भोक, कडेला कंगोरा असलेले. जणू एका खिडकीची गोल खोली. माठ-चाकवताच्या जातीचा पराग म्हणजे झारीचे तोंड, सगळीकडून भोके. मध्येच अल्टर्नेरिया बुरशीचे बीजाणू, आडव्या-उभ्या पडद्यांचे, हुबेहूब भीमाची गदा. बाजरीची काढणी चालू होती, त्या दिवसांत हे असायचेच. मोसंबीचा पराग शोधून सापडेना, आणि ते बरोबरच होते. ज्या फुलाला रंग आहे, वास आहे, मध आहे, त्याने माशी पोसलेली असते. त्याचा पराग जड आणि चिकट, तो माशीच्या पायाला लागून जातो. वाऱ्यावर भरवसा ठेवणारी फुले दिसायला दरिद्री. त्यांना कोणी फूलही म्हणत नाही. गंमत बघा, गुलाबाला आणि पारिजातकाला शिव्या देत लोक शिंकतात आणि गुन्हेगार कुंपणापाशी हिरवट मान हलवत उभा असतो!

आणि या सगळ्यांत जास्त दिसत होता एक लहानसा काटेरी गोळा. धोतऱ्याचे बोंड सूक्ष्म करून ठेवावे तसा. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले पंधरा-वीस, एवढाच. नातवाने विचारले, “आबा, हा कोण?” मी म्हणालो, “चल, दाखवतो.” शाळेच्या वाटेवर कालव्याच्या चारीला लागून ते कमरेएवढे उभे होते, पांढऱ्या टाचण्यांनी डवरलेले. एक फुलोरा तोडून त्याची भुकटी काचेवर झटकली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तोच काटेरी गोळा, शेकड्यांनी.

गाजर गवत. काँग्रेस गवतही म्हणतात. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात लोकांच्या नजरेत भरले, १९५६ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली. अमेरिकेच्या आयात गव्हाबरोबर आले अशी सर्वत्र समजूत आहे. मूळचे मेक्सिकोकडचे. एका झाडाला हजारोंनी बी, उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर, आणि ओल असेल तर बारा महिने. गुरे तोंड लावीत नाहीत. त्याचा नैसर्गिक शत्रू म्हणून मेक्सिकोचाच एक लहानसा भुंगा आणून १९८४ साली बंगळूरला सोडला. तो पावसाळ्यात पाने खातो खरा, पण खाणारा एक आणि वाढणारे अमाप.

चारीवर बायकांची एक टोळी खुरपत होती. त्यांतल्या एका मावशींनी आमचे बोलणे ऐकले आणि पदर सारून हात पुढे केले. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी जाड, काळपट, भेगाळलेली. पापण्या सुजलेल्या. “हे त्याचंच हाय, दादा. मला ठाव हाय. पण खुरपायला नाही म्हटलं तर हजेरी कोण देणार?” त्या कधी दवाखान्यात गेल्या होत्या, मलम मिळाले होते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघड्या हाताने तेच गवत उपटले होते. मुलाच्या शिंकांसाठी मी पावणेदोनशे रुपयांची जेली घेऊन इतक्या लांब आलो. या बाईंचे निदान तर त्यांच्या हातावरच लिहिलेले होते आणि ते वाचायला कोणाला सवड नव्हती. त्या संध्याकाळी मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नाही.

चार दिवस काचा पाहिल्या. मधल्या एका दुपारी जोराची सर आली, त्या दिवसाची काच जवळजवळ कोरी निघाली, आणि त्या रात्री नातू आडवा झोपला. आकडा काही मी छापणार नाही, कारण ताटलीवरच्या काचेवर आकडा नसतो. जड कण भराभर पडतात, हलके तरंगत राहतात, वारा फिरला की हिशेब फिरतो. घनमीटरचा जाब द्यायला टिळकांचे यंत्रच हवे. पण कोण कोण गावात आहे एवढे काच सांगते, आणि आम्हाला तेवढेच हवे होते.

हवेत आहे म्हणजे मुलाला त्याचेच वावडे आहे, असे मात्र होत नाही. ते त्याच्या कातडीलाच विचारावे लागते. दसऱ्यानंतर संभाजीनगरला एका डॉक्टरांनी त्याच्या हातावर निरनिराळ्या अर्कांचे थेंब ठेवून सुईने हलकेच टोचले. या तपासणीआधी काही दिवस शिंकांच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. ते दिवस त्या घराने कसे काढले असतील ते पुतणीच जाणे. वीस मिनिटांनी गाजर गवताच्या थेंबाखाली रुपयाएवढी गांधी उठली. गवताची लहान. घरातल्या धुळीतल्या माइट किड्याची मधली. म्हणजे घरातली गादीही अगदीच निर्दोष नव्हती.

खरे रामायण पुढे झाले. डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा आणि छातीसाठी पंप लिहून दिला. पंप हा शब्द ऐकताच घर गारठले. “एकदा पंप लागला की सुटत नाही,” हे वाक्य मी मराठवाड्यात, कोकणात, पुण्यात, सगळीकडे एकाच स्वरात ऐकले आहे. विहिणबाईंनी तर देवच पाण्यात घातले. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “आजी, गोळी साऱ्या अंगात फिरते, तिचं माप मिलिग्रॅममध्ये. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये, हजारावा भाग, आणि तेही थेट जिथं दुखणं तिथं. नंतर चूळ भरायची, झालं.” विहिणबाईंना हजारावा भाग पटला की चूळ पटली, सांगता येत नाही, पण पटले.

बाकीचे उपाय स्वस्तातले. नाकातला फवारा पोळ्याच्या दोन आठवडे आधीपासून सुरू करायचा, शिंका आल्यावर नव्हे. शाळेला कालव्याच्या चारीने न जाता दुकानांच्या रस्त्याने जायचे. सकाळच्या वेळी हवेत पराग बहुधा चढता असतो. बाहेरून आला की कपडे बदलायचे, तोंड-डोळे धुवायचे, मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुवायचे. जलनेती आपल्याला काही नवी नाही. त्या दोन महिन्यांत त्याचे कपडे आणि पांघरूण घरात वाळवायचे. गादीला उन्हे द्यायची, उशीचे अभ्रे गरम पाण्यात. पुढे लागले तर पराग थोडा थोडा टोचून शरीराला सवय लावायचा उपचार आहे, १९११ साली लिओनार्ड नून यांनी लंडनला सुरू केलेला. तो तीनेक वर्षांचा, त्याचे पुढे पाहू असे डॉक्टर म्हणाले.

आज वर्तमानपत्र उघडले की पाऊस किती मिलिमीटर, धरण किती टक्के, पारा किती अंशांवर, सारे मिळते. युरोपात कित्येक देशांत त्याच्या शेजारीच परागाचा आकडा असतो. लोक तो वाचून गोळी घेतात की नाही ते ठरवतात. आपल्याकडे चंदीगडसारख्या शहरासाठी संशोधकांनी परागाचे पंचांग तयार केले आहे. अंबड तालुक्यात मला असा आकडा कुठे वाचायला मिळाला नाही. मागणी मोठी नाही. एक पेटी, एक चिकटपट्टी, आणि आठवड्यातून एकदा सूक्ष्मदर्शकाखाली डोळा घालणारा एखादा चिकाटीचा मुलगा. ज्या मराठवाड्याने हे यंत्र घडवले, त्याच्याच मुलांनी आपल्याला कशाने शिंक येते याचा अंदाज धुराड्याकडे बघून बांधावा, हे काही मला बरे वाटत नाही.

जावईबापूंनी पुण्याचा अर्ज मागे घेतला. २०२५ च्या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर, गाजर गवत वितीएवढे असतानाच, शाळेच्या वाटेवरचे उपटून काढले. फुलावर आल्यावर उपटणे म्हणजे पराग स्वतःच्या तोंडावर झटकून घेणे. उपटणाऱ्या बायकांना रबरी हातमोजे आणि तोंडाला फडके दिले; जावईबापूंनी चार घरांतून वर्गणी काढली. त्या मावशींना मात्र यंदा त्या कामावर घेतले नाही. मोसंबीच्या बागेत दुसरे काम दिले, हजेरी तीच. मोकळ्या झालेल्या जागेत तरोट्याचे बी फेकले आहे. तो वाढला की गाजर गवताला डोके वर काढू देत नाही असा अनुभव आहे. कालव्याच्या पलीकडचे गवत अजून तसेच उभे आहे आणि वाऱ्याला पूल लागत नाही.

यंदाच्या भाद्रपदात नातू शिंकला. पण बसून काढलेल्या रात्री दोन, आणि शाळा बुडाली तीन दिवस. गच्चीवर त्याचे उपकरण चालू आहे. डिसेंबरात उसाला तुरा आला तेव्हा त्याचीही काच त्याने केली होती आणि फोनवर ओरडून सांगितले होते, “आबा, याला पण एकच खिडकी! ऊस म्हणजे गवतच की!” परवा पुतणीचा फोन आला. पोराची तब्येत सांगून झाल्यावर म्हणाली, “काका, त्याला जरा समजावा. माझ्या दोन ताटल्या वर्षभर गच्चीवर आहेत, आणि फराळाला ताटल्या कमी पडताहेत.”